सहा भागीदारांची बँक आणि शहराची पत

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये बँक म्हणजे लंडनची बँक, असाच अर्थ होता. आपण १७५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलो तेव्हा लंडनबाहेर बँकेच्या बारा पेढ्याही नव्हत्या, असे एडमंड बर्कने शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. १७८४ पर्यंत प्रांतिक बँकांची संख्या सव्वाशेच्या आसपास गेली आणि १८१० पर्यंत ती साडेसहाशेच्या घरात पोहोचली. साठ वर्षांतली ही वाढ सरकारने घडवली नव्हती आणि लंडनच्या भांडवलानेही नव्हे. कापडवाले, लोखंडाचे व्यापारी, बटणांचे कारखानदार, सुताचे आडते, तंबाखूचे आयातदार आणि गुरांचे हेडे यांनी आपापल्या गावात या बँका काढल्या.

या बँकांचा इतिहास बहुधा घराण्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक कर्तबगार पुरुषाने पेढी घातली, मुलांनी वाढवली, नातवंडांनी विकली. घराण्यांचे महत्त्व खरेच होते. तरी चार-सहा भागीदारांच्या सहीचा कागद अख्ख्या जिल्ह्यात नाण्यासारखा का चालला, याचे उत्तर घराण्यांच्या कथेत सापडत नाही. ते गावातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनांमध्ये शोधावे लागते. जुने व्यापारी संघ, नवी व्यापारी मंडळे, धर्मपंथांच्या सभा आणि एकमेकांत गुंतलेल्या भागीदाऱ्या यांनी प्रांतिक बँकेला माहिती, शिस्त आणि अडचणीच्या वेळी आधार पुरवला. बँकेची पत मुळात या मंडळींची सामुदायिक पत होती. तिचे बळ त्यातच होते आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही त्यातूनच निर्माण झाला.

कायद्याने घातलेली मर्यादा

बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ मध्ये झाली. तिची मक्तेदारी राखण्यासाठी १७०८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सहापेक्षा अधिक भागीदार असलेल्या कोणत्याही संस्थेला नोटा काढण्यास मनाई केली. ही मनाई १८२६ पर्यंत टिकली. त्या वर्षापर्यंत बँक ऑफ इंग्लंडने लंडनबाहेर एकही शाखा उघडली नाही. लंडनची मोठी बँक गावात येत नव्हती आणि गावाला स्वतःची मोठी बँक काढता येत नव्हती, अशी ही कोंडी होती.

सहा भागीदारांच्या पेढीचे भांडवल बेताचेच असणार. बर्मिंगहॅममध्ये ३ जून १७६५ रोजी टेलर्स अँड लॉइड्स ही बँक सुरू झाली, तेव्हा तिचे भांडवल ८,००० पौंड होते. बटणांचा कारखानदार जॉन टेलर, लोखंडाचा व्यापारी सॅम्सन लॉइड आणि दोघांचा एकेक मुलगा, अशा चौघांनी प्रत्येकी २,००० पौंड घातले होते. भागीदारांची जबाबदारी अमर्याद होती. पेढी बुडाली तर घर, जमीन, माल सगळे घेणेकऱ्यांच्या हवाली होई. ठेवीदाराच्या दृष्टीने खरे तारण भागीदारांची एकूण मालमत्ता हेच होते. आता ही मालमत्ता बव्हंशी चालू धंद्यात गुंतलेली असे : गोदामातला माल, बंदरातली जहाजे, दूरच्या गिऱ्हाइकांकडची उधारी. तिची खरी किंमत बाहेरच्या माणसाला कळणे अवघड होते. ती कळे फक्त त्याच धंद्यातल्या, त्याच गावातल्या व्यापाऱ्यांना. त्यामुळे बँकेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा निवाडा प्रत्यक्षात व्यापारी मंडळींच्या हाती गेला. मक्तेदारी राखण्यासाठी केलेल्या कायद्याने प्रांतिक बँकेला अशा रीतीने गावच्या व्यापाऱ्यांशी बांधून टाकले.

दुकानातून पेढीकडे

बँकिंग हा या लोकांचा पहिला धंदा नव्हता. नॉटिंगहॅमचे स्मिथ घराणे कापडाचे दुकानदार होते. सतराव्या शतकापासून बाजाराला येणारे गिऱ्हाईक त्यांच्याकडे पैसे ठेवू लागले आणि त्यातून बँक उभी राहिली. ग्लॉस्टरची जुनी बँक जेम्स वुड या कापडवाल्याने १७१६ मध्ये सुरू केली. तिचा शेवटचा वारस जेमी वुड १८३६ मध्ये वारला, तोपर्यंत कापडाचे दुकान आणि बँक एकाच छताखाली चालत होती. नॉर्विचच्या गर्नी बंधूंचा धंदा लोकरीच्या सुताचा. त्यांनी १७७० मध्ये बँक काढली. डार्लिंग्टनचे बॅकहाउस लिनन आणि लोकरी कापडाचे उत्पादक. त्यांची बँक १७७४ ची. पश्चिम वेल्समधल्या लँडव्हरीत डेव्हिड जोन्स या गुरांच्या व्यापाऱ्याने १७९९ मध्ये बँक काढली आणि तिच्या नोटांवर काळा बैल छापला.

जोन्सचे उदाहरण विशेष बोलके आहे. वेल्समधले हेडे गुरांचे कळप हाकत इंग्लंडच्या बाजारांत नेत आणि विक्रीचे पैसे घेऊन परत येत. लंडनला खंड किंवा कर भरायचा असलेली माणसे आपली रक्कम गावातच त्या हेड्याकडे देत. हेडा त्यातून गुरे घेई आणि लंडनला पोहोचल्यावर विक्रीच्या पैशातून ती देणी भागवी. रस्त्याने सोने न्यावे लागत नसे आणि लुटारूंची भीती टळे. हा व्यवहार वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला, तेव्हाच कुठे हेड्याच्या सहीच्या कागदाला पैशाची किंमत आली. बँक उघडण्याचा दिवस हा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होता.

हुंडीवरच्या सह्या

व्यापाऱ्यांना बँकेकडे वळवणाऱ्या दोन गरजा होत्या. एक म्हणजे नाण्यांची टंचाई. मजुरी चुकवायला आणि किरकोळ व्यवहाराला पुरेशी नाणी मिळत नसत. दुसरी म्हणजे लांबच्या गावी पैसे पोहोचवणे. दोन्हींचे उत्तर हुंडीत होते.

व्यवहार साधारण असा चाले. बर्मिंगहॅमच्या कारखानदाराने लंडनच्या घाऊक व्यापाऱ्याला माल पाठवला की तो त्याच्यावर दोन-तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी लिही. तेवढे दिवस थांबणे परवडत नसल्याने तो ती हुंडी गावच्या बँकेत नेई. बँक वटाव कापून उरलेली रक्कम आपल्या नोटांत देई आणि हुंडी लंडनच्या आडत्याकडे धाडी. मुदत भरली की लंडनमध्ये पैसे वसूल होत आणि बँकेच्या तिथल्या खात्यावर जमा होत. त्याच गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला लंडनला देणे असेल तर तो बँकेकडून त्या खात्यावरची हुंडी विकत घेई. माल विकणारे आणि घेणारे एकाच गावचे असल्याने एकाची वसुली दुसऱ्याच्या देण्याला उपयोगी पडे. लॉइड आणि टेलर यांनी १७७० मध्ये लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर हॅनबरी, टेलर, लॉइड अँड बोमन ही वेगळी पेढी घातली ती याच सोयीसाठी.

लँकेशायरमध्ये तर हुंडी हेच चलन झाले. तिथल्या व्यापाऱ्यांना नोटांपेक्षा हुंडी अधिक पसंत होती. एकेक हुंडी दहा-बारा हातांतून फिरे आणि प्रत्येक जण पाठीमागे सही करून ती पुढे देई. पाठीवर जागा उरली नाही की कागदाची चिठ्ठी जोडून सह्या चालू ठेवत. मूळ देणेकऱ्याने पैसे दिले नाहीत तर सही करणारा प्रत्येक जण देण्याला बांधला जाई. हुंडी जितकी फिरे तितकी ती बळकट होई, कारण प्रत्येक नवी सही ही नवी जामीनकी होती. बँकर हुंडी हातात घेई तेव्हा रकमेच्या आधी त्याची नजर या नावांकडे जाई. कोण कोणाचा भागीदार, कोणाचे जहाज परत यायचे आहे, कोणाचा सासरा पाठीशी आहे, हे त्याला ठाऊक असावे लागे. हे ज्ञान वहीत मिळत नसे. ते बाजारात, कॉफीगृहात आणि संघटनेच्या बैठकीत मिळे.

स्कॉटलंडमध्ये हीच जामीनकी बँकेच्या नियमात उतरली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने १७२८ मध्ये विल्यम हॉग या एडिनबर्गच्या व्यापाऱ्याला १,००० पौंडांपर्यंत खात्यावरून उचल घेण्याची मुभा दिली. रोख-पत खात्याची ही पद्धत स्कॉटलंडभर रूढ झाली. अशा खात्याला मालमत्तेचे तारण नसे. दोन प्रतिष्ठित जामीनदार लागत. जामीनदार अर्थातच त्या व्यापाऱ्याच्या वर्तुळातलेच असत आणि आपले पैसे अडकले आहेत म्हणून त्याच्या धंद्यावर लक्ष ठेवत. उधारीवर देखरेख करण्याचे काम बँकेने अशा रीतीने व्यापारी मंडळींवरच सोपवले.

संघटनांची तीन रूपे

या काळातल्या व्यापारी संघटना एकाच साच्याच्या नव्हत्या. पहिला प्रकार सनद मिळालेल्या जुन्या संघांचा. ब्रिस्टलच्या सोसायटी ऑफ मर्चंट व्हेंचरर्सला १५५२ मध्ये राजसनद मिळाली होती. बंदराचा कारभार आणि शहराची नगरपालिका यांवर तिच्या सदस्यांचा मोठा पगडा होता. ब्रिस्टलमध्ये १७५० साली पहिली बँक निघाली. आयझॅक एल्टन, हारफर्ड लॉइड, विल्यम मिलर, थॉमस नॉक्स आणि मॅथ्यू हेल हे तिचे भागीदार. एल्टन हा व्यापारी संघाच्या आतल्या वर्तुळातला. दोनच वर्षांनी थॉमस गोल्डनी आणि त्याच्या साथीदारांनी दुसरी बँक काढली. गोल्डनीचा पैसा कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या भट्ट्यांतही गुंतलेला होता. बंदर, खाण, भट्टी आणि बँक यांचे मालक वेगवेगळे काढून दाखवणे ब्रिस्टलमध्ये कठीण होते.

दुसरा प्रकार नव्या व्यापारी मंडळांचा. १७६८ मध्ये जर्सी बेटावर, १७७४ मध्ये लिव्हरपूलला, १७८३ मध्ये ग्लासगोला अशी मंडळे निघाली. बर्मिंगहॅममध्ये सॅम्युएल गार्बेट या उद्योजकाच्या पुढाकाराने १७८३ मध्येच व्यापार समिती सुरू झाली. जकात, टपाल, कालवे, परदेशांशी करार या विषयांवर संसदेपुढे गाऱ्हाणे मांडणे हे या मंडळांचे मुख्य काम. ती कर्ज देत नसत. तरी बँकांना त्यांचा उपयोग मोठा होता, कारण एकमेकांशी स्पर्धा करणारे व्यापारी तिथे ठरावीक दिवशी एका टेबलाभोवती बसत. कोणाच्या मालाला उठाव नाही, कोणाची देणी लांबली आहेत, कोण नव्या धंद्यात उतरतो आहे, हे तिथे उघड होई.

ग्लासगोचा डेव्हिड डेल हे बँक आणि मंडळ या दोन्ही बाजू एकाच माणसात आल्याचे उदाहरण होय. सुताचा हा व्यापारी १७८३ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचा ग्लासगोतला पहिला प्रतिनिधी झाला. बँकेची शाखा त्याच्या दुकानातच थाटली गेली. त्याच वर्षी ग्लासगोचे व्यापारी मंडळ स्थापन झाले आणि डेल त्याच्या संस्थापक फळीत होता. पुढे त्याने न्यू लॅनार्कच्या सूतगिरण्या उभारल्या. एडिनबर्गच्या बँकेला ग्लासगोत शिरायचे होते. तिने कारकून पाठवला नाही, व्यापाऱ्यांनी ज्याला आधीच आपला मानले होते तो माणूस निवडला.

तिसरा प्रकार धर्मपंथांचा. क्वेकर पंथीयांना १८२८ पर्यंत कायद्याने नगरपालिकांची पदे मोकळी नव्हती. शपथ घेणे त्यांच्या धर्मात बसत नसल्याने अनेक वाटा त्यांना बंद होत्या. व्यापारात मात्र ते पुढे आले. लॉइड, गर्नी, बॅकहाउस, बार्कली ही घराणी क्वेकर होती आणि लग्ने पंथातच होत असल्याने एकमेकांची सोयरीही होती. पंथाच्या मासिक सभा सदस्यांच्या धंद्याची चौकशी करत, ऐपतीबाहेर उधारी करणाऱ्याला समज देत आणि दिवाळे काढणाऱ्याला पंथाबाहेर काढत. धंदा बुडाला की माणूस सभेतून, सोयरिकीतून आणि समाजातून एकदमच उठे. एवढी जरब कोणत्याही न्यायालयाची नव्हती. क्वेकर बँकरच्या शब्दाला पंथाबाहेरच्या ठेवीदारांतही जी किंमत होती, तिचे कारण या शिस्तीत होते.

ग्लासगो आणि एडिनबर्ग

व्यापारी मंडळींचे बळ किती होते हे ग्लासगोच्या एका भांडणात दिसते. स्कॉटलंडला सहा भागीदारांची अट लागू नव्हती. १७५० च्या सुमारास ग्लासगोत दोन बँका निघाल्या : कॉलिन डनलॉप, अलेक्झांडर ह्यूस्टन आणि साथीदारांची शिप बँक, आणि अँड्र्यू कॉक्रन, जॉन मरडॉक आणि साथीदारांची आर्म्स बँक. १७६१ मध्ये थिसल बँक आली. भागीदार बहुतेक तंबाखूचे व्यापारी होते. व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांना ग्लासगोची दुकाने वर्षभराच्या उधारीवर माल देत आणि बदल्यात तंबाखू घेत. इतकी लांब उधारी पेलायला हाताशी खेळते भांडवल हवे होते. ते बँकेच्या नोटांनी पुरवले.

एडिनबर्गच्या दोन जुन्या बँकांनी प्रथम या बँकांना पाठबळ दिले. पुढे त्यांच्या नोटा आपल्या नोटांची जागा घेऊ लागल्या, तेव्हा त्यांना मोडण्याचे ठरवले. आर्चिबाल्ड ट्रॉटर नावाचा माणूस ग्लासगोत बसवण्यात आला. नोटा गोळा करायच्या आणि एकदम बँकेपुढे ठेवून रोकड मागायची, हे त्याचे काम. आर्म्स बँकेने पैसे द्यायला नकार दिला नाही. तिच्या कारकुनांनी सहा-सहा पेन्सची नाणी सावकाश मोजायला सुरुवात केली. मध्येच एखादे नाणे खाली पडे, हिशेब चुके, मोजणी पहिल्यापासून सुरू होई. कोणी तरी भेटायला येई आणि काम थांबे. कामाच्या ३४ दिवसांत ट्रॉटरच्या हाती पुरते तीन हजार पौंडही पडले नाहीत. त्याने दावा लावला आणि पुढे भरपाईही मिळवली. पण बँक मोडली नाही.

या प्रसंगाकडे केवळ मिस्कीलपणा म्हणून पाहिले तर मुद्दा निसटतो. रोकड द्यायला टाळाटाळ करणारी बँक एरवी चार दिवसांत बुडायला हवी होती, कारण प्रत्येक नोटधारक घाबरून धावला असता. ग्लासगोत तसे घडले नाही. शहरातले व्यापारी त्या नोटा घेत राहिले, कारण बँकेचे भागीदार, त्यांची जहाजे आणि त्यांची ऐपत त्यांना माहीत होती आणि हल्ला बाहेरून आहे हेही माहीत होते. कॉक्रन हा शहराचा माजी प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, होता. त्याच्या बाजूने उभे राहणे म्हणजे शहराच्या बाजूने उभे राहणे असे समीकरण बनले होते. संघर्षाचा शेवटही समेटाने झाला. १७७१ च्या सुमारास स्कॉटिश बँकांनी एकमेकींच्या नोटा नियमितपणे अदलाबदल करण्याची पद्धत स्वीकारली.

अडचणीच्या वेळी

खरी परीक्षा १७९३ मध्ये झाली. फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, व्यापार आक्रसला आणि देशभर बँकांवर पैसे काढण्यासाठी झुंबड उडाली. न्यूकॅसलमध्ये बँकांनी रोकड देणे थांबवले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि जमीनदारांनी बैठक घेऊन त्यांच्या देण्यांची हमी घेतली. बँकांच्या नोटा आम्ही पूर्ण किमतीला घेऊ, अशी निवेदने सह्यांनिशी वृत्तपत्रांत छापून आणण्याची प्रथा अनेक शहरांत होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी १७४५ च्या बंडाच्या वेळी बँक ऑफ इंग्लंडसाठी असेच केले होते आणि १७९७ मध्ये पुन्हा केले.

अशा निवेदनाचा परिणाम साध्या तर्कावर उभा होता. नोटधारकाला बँकेच्या तिजोरीची चिंता नसते. उद्या दुकानदार ही नोट घेईल का, याची असते. शहरातल्या शंभर मोठ्या दुकानांनी आणि गोदामांनी घेऊ असे जाहीर केले की तिजोरीत सोने किती आहे हा प्रश्न मागे पडे. एकट्या व्यापाऱ्याला असे जाहीर करणे धोक्याचे होते, कारण बाकीच्यांनी नकार दिला तर नोटांचा ढीग त्याच्याच गळ्यात पडे. सगळ्यांनी मिळून सही केली की धोका वाटला जाई. संघटनेची गरज नेमकी इथे होती.

लिव्हरपूलने त्याहून पुढचे पाऊल टाकले. मार्च १७९३ मध्ये तिथली चार्ल्स कॉल्डवेल अँड कंपनी ही बँक कोसळली आणि शहराची पतच गोठली. बँक ऑफ इंग्लंडकडून मदत मिळाली नाही. तेव्हा व्यापाऱ्यांच्या हाती असलेल्या नगरपालिकेने संसदेकडून खास कायदा करून घेतला आणि स्वतःच्या नोटा काढल्या. मालाचे तारण देणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या कर्जाऊ मिळत. एका शहराने आपल्या सामुदायिक मालमत्तेवर चलन काढावे, ही इंग्लंडच्या इतिहासातली विरळा घटना होय. पंतप्रधान पिट यांच्या सरकारने ५० लाख पौंडांच्या सरकारी हुंड्या व्यापाऱ्यांना मालाच्या तारणावर द्यायचे जाहीर केले. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी रक्कम उचलली गेली. मदत मिळणार या खात्रीनेच घबराट ओसरली. बँक केवळ सोन्यावर चालत नाही, हे या घटनेने पुरते दाखवून दिले.

जवळीक आणि जोखीम

आक्षेप घेणारा इथे विचारील की ही सगळी व्यवस्था मूठभर धनिकांची मिलीभगत नव्हती का. आक्षेपात तथ्य आहे. जामीनकीवर चालणाऱ्या पतीत ज्याला जामीनदार मिळत नाही तो बाहेर राहतो. छोटा कारागीर, परगावचा माणूस, वेगळ्या पंथाचा व्यापारी यांना दार उघडे नव्हते. मर्चंट व्हेंचरर्ससारखे संघ नव्या लोकांना सहज आत घेत नसत. ओळखीने मिळणारी माहिती स्वस्त होती, पण ओळखीच्या वर्तुळाबाहेर ती पोहोचतच नव्हती.

त्याहून गंभीर प्रश्न पैशाच्या उगमाचा आहे. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलची पत मोठ्या प्रमाणात गुलामांच्या व्यापारावर आणि गुलामांकरवी पिकवलेल्या साखरेवर पोसली गेली. लिव्हरपूलच्या आर्थर हेवुडने १७७३ मध्ये बँक काढली ती या व्यापारात मिळवलेल्या पैशावर. थॉमस लेलँड हा गुलामांचा मोठा व्यापारी आणि तीनदा शहराचा महापौर. १८०२ ते १८०६ या काळात तो एका बँकेत विल्यम रॉस्कोचा भागीदार होता. हा रॉस्को गुलामगिरीचा जाहीर विरोधक. १८०७ मध्ये संसद सदस्य म्हणून त्याने गुलामांच्या व्यापारावरील बंदीच्या बाजूने मत दिले. तत्त्वाने इतके विरुद्ध असलेले दोन पुरुष एकाच पेढीच्या कागदांवर सही करत होते, यावरून शहराच्या भांडवलात हा पैसा किती खोलवर मुरला होता ते कळते. दोघांचे पुढे झालेले भवितव्यही पाहण्यासारखे आहे. लेलँडने बाहेर पडून १८०७ मध्ये स्वतःची बँक काढली आणि ती भरभराटीला आली. रॉस्कोच्या बँकेने १८१६ मध्ये पैसे देणे थांबवले आणि १८२० मध्ये तो दिवाळखोर ठरला. व्यापारी वर्तुळाची शिस्त उधारी फेडण्याची होती. पैसा कोठून आला हे ती विचारत नव्हती.

तिसरा दोष आर्थिक. बँकेचे भागीदार, कर्जदार, जामीनदार आणि ठेवीदार एकाच धंद्यातले असले की त्या धंद्यावर आलेले संकट सगळ्यांवर एकदम येते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने ग्लासगोच्या तंबाखू व्यापाराचा कणा मोडला. ट्रॉटरला दाद न देणारी आर्म्स बँक १७९३ च्या संकटात बंद पडली. शहराची एकी बाहेरच्या हल्ल्यापुढे टिकते. शहराचाच धंदा बसला तर एकमेकांना दिलेल्या जामीनक्यांना अर्थ उरत नाही. जोखीम वाटून घेणाऱ्या सगळ्यांची जोखीम एकच असेल तर वाटणी फक्त कागदावर राहते.

भागीदारांची संख्या वाढवणे हा यावरचा सोपा उपाय वाटतो. एअर बँकेने तो खोटा ठरवला. डग्लस, हेरन अँड कंपनी या नावाची ही बँक १७६९ मध्ये शंभराहून अधिक भागीदारांनिशी सुरू झाली. त्यात ड्यूकपासून बड्या जमीनदारांपर्यंत मंडळी होती. तिने जमिनीच्या सुधारणेसाठी सढळ हाताने कर्जे दिली आणि जून १७७२ मध्ये ती कोसळली. एडिनबर्गच्या अनेक खासगी पेढ्याही तिच्याबरोबर गेल्या. घेणेकऱ्यांचे पैसे अखेर फेडले गेले, पण त्यासाठी भागीदारांच्या जमिनी विकाव्या लागल्या. मालमत्ता भरपूर होती. रोजच्या व्यवहारातून येणारी एकमेकांची पारख आणि मुदतीची शिस्त नव्हती. व्यापारी मंडळींच्या बँकेकडे जे होते ते इथे नव्हते, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

शहराबाहेरचे दुवे

या दुखण्यावरचा खरा इलाज शहराबाहेर जोडणी करण्यात होता. पूर्वेकडील शेतीप्रधान परगण्यांत पीक विकल्यावर बँकांत पैसा पडून राही. लँकेशायरच्या कापड गिरण्यांना त्याच वेळी पैशाची चणचण असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस रिचर्डसनसारखे हुंड्यांचे दलाल लंडनमध्ये उभे राहिले. लँकेशायरच्या हुंड्या ते नॉर्विचच्या गर्नींसारख्या बँकांना विकत आणि एका भागाची शिल्लक दुसऱ्या भागाच्या उपयोगी आणत. रिचर्डसनही क्वेकरच. जुन्या पंथाच्या ओळखी आता देशव्यापी बाजाराचा पाया झाल्या.

जोडणीने नवा धोका आणला : आता लंडनमधला एक खांब ढासळला तर प्रांतांतली छपरे कोसळू लागली. डिसेंबर १८२५ मध्ये पोल, थॉर्नटन अँड कंपनी ही लंडनची पेढी बंद पडली. कित्येक प्रांतिक बँकांची आडत तिच्याकडे होती. त्या हिवाळ्यात साठाहून अधिक प्रांतिक बँका गेल्या. सहा भागीदारांच्या अटीवर चौफेर टीका झाली. न्यूकॅसलचा लाकडाचा व्यापारी थॉमस जॉप्लिन १८२२ पासून स्कॉटलंडसारख्या मोठ्या भांडवली बँकांची मागणी करत होता. ती आता मान्य झाली. १८२६ च्या कायद्याने लंडनपासून ६५ मैलांपलीकडे अशा बँकांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी लँकेस्टरची बँक निघाली, १८३१ मध्ये बँक ऑफ लिव्हरपूल, १८३६ मध्ये बर्मिंगहॅमची मिडलँड बँक. भागधारक शेकड्यांनी आले. संचालक मंडळांवर मात्र पुन्हा तेच कापूस, लोखंड आणि जहाजांचे व्यापारी बसले. कायदा बदलला तरी पत पारखण्याचे काम त्यांच्याचकडे राहिले.

जवळीक आणि जोखीम यांचा हा गुंता इंग्लंडपुरता नव्हता. मुंबईत १८३६ मध्ये व्यापारी मंडळ आणि १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, तेव्हा या बँकेने प्रेमचंद रायचंद यांच्या वर्तुळातल्या मंडळींना शेअरच्या तारणावर आणि वैयक्तिक पतीवर बेसुमार कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात गर्नी घराण्याच्या नावाने चालणारी लंडनची ओव्हरएंड गर्नी ही कंपनी बुडाली आणि मुंबईच्या बाजाराला दुसरा तडाखा बसला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली आणि त्याच वर्षी नवी बँक काढावी लागली. संचालक, दलाल आणि कर्जदार एकाच वर्तुळातले असले की कर्ज नाकारणारा कोणी उरत नाही, हा धडा मुंबईने ग्लासगोइतकाच महागात घेतला.

प्रांतिक बँकांचे युग हळूहळू मावळले. १८४४ च्या कायद्याने नव्या बँकांना नोटा काढण्यास मज्जाव केला आणि जुन्यांच्या नोटांवर मर्यादा घातली. विलीनीकरणांत एकेक घराणे मोठ्या बँकांत सामील झाले : बर्मिंगहॅमचे लॉइड्स १८६५ मध्ये भागभांडवली कंपनी झाले, नॉर्विचचे गर्नी आणि डार्लिंग्टनचे बॅकहाउस १८९६ मध्ये बार्कलीजमध्ये गेले, लँडव्हरीची काळ्या बैलाची बँक १९०९ मध्ये लॉइड्सने घेतली. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनची फॉक्स, फाउलर अँड कंपनी ही स्वतःच्या नोटा काढणारी इंग्लंडमधली शेवटची खासगी बँक. लोकरीचे कापड विणणाऱ्या क्वेकर घराण्याची ही बँक १९२१ मध्ये लॉइड्समध्ये विलीन झाली.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. पत मोजण्याची अधिकृत साधने नव्हती तेव्हा व्यापारी संघटनांनी ती उणीव भरून काढली; ताळेबंद तपासणारे हिशेबनीस आणि पत मोजणाऱ्या संस्था नंतर जे करू लागल्या, ते काम बैठका, सह्या आणि जामीनक्या यांनी केले. त्याच संघटनांनी पतीची सीमाही आखली : कोण आत, कोण बाहेर, आणि कोणत्या धंद्यावर सगळ्यांचे भवितव्य टांगायचे, हे त्यांनीच ठरवले. जिथे जवळच्या ओळखीला शहराबाहेरच्या व्यवहाराची आणि वेगळ्या धंद्याची जोड मिळाली, तिथल्या बँका टिकल्या. जिथे ओळख हाच एकमेव आधार राहिला, तिथे पहिल्या मोठ्या मंदीत बँक आणि तिचे जामीनदार एकत्रच गेले.